केनियाला चाललोय, कोणत्या लसी घ्यायच्या? (सोलापूरकरांनो, सांगा की ओ)

टॉवेलवाले_अण्णा | २२ जून, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. आमचा टॉवेल आणि शाळेच्या गणवेशांचा धंदा आहे, एमआयडीसीत. नैरोबीचे एक व्यापारी सात-आठ वर्षं आमचा माल घेतात. कधीपासून या या म्हणताहेत. शेवटी ठरवलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं. मी (४८), मंडळी (४४), मुलगा (१४) आणि आई (६७). चार दिवस नैरोबी, तीन दिवस मसाई मारा. आईला सिंह बघायचाय. रेवणसिद्धेश्वराजवळच्या प्राणिसंग्रहालयाच्या पुढे तिची मजल गेलेली नाही.

आता प्रश्न लसींचा. तिकीट काढणारा म्हणतो एकच लागते. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात पाच-सहा घ्या. मेहुणा म्हणतो काही नको, दोन बाटल्या सॅनिटायझर घे. यूट्यूब बघितलं तर रात्रभर झोप नाही. कुणी गेलं असेल तर सांगा, काय खरंच लागतं आणि काय उगाच?

---

भैय्याचौक | २२ जून, रात्री १०:३१

काय बे अण्णा, कशाला डोक्याला ताप? मी दोनदा दुबई, एकदा बँकॉक केलं. कुणीही विचारलं नाही. शेंगाचटणीबद्दल मात्र दुबईत विचारलं, डबा उघडायला लावला.

---

हुतात्मा_एक्सप्रेस | २२ जून, रात्री ११:१२

भैय्या, दुबई आणि आफ्रिका एका तागडीत तोलू नका.

अण्णा, मी साखर कारखान्याचा माणूस. युगांडात सहा वर्षं बॉयलरवर काढली. आपल्या जिल्ह्यातली बरीच पोरं तिकडच्या साखर कारखान्यांत आहेत, सगळ्यांना हे पाठ असतं. यलो फीव्हरची लस घेतल्याशिवाय निघू नका. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथंच सगळे फसतात. तुम्हाला वाटेल केनियावाले ती मागतील. मागतीलही कदाचित. पण खरी मागणी परत येताना आपल्याच विमानतळावर होते. यलो फीव्हरच्या देशातून निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं पुस्तक (ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र) जवळ नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. घरी नाही, त्यांच्या ताब्यात. माझ्यासोबतचा एक वेल्डर असा अडकला होता. बहिणीचं लग्न होतं, हळद त्यानं व्हिडिओ कॉलवर बघितली.

दुसरं, लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. आज टोचून उद्या निघालात तर ते कागदाचं कागदच राहतं.

---

बालरोगवाले_काका | २३ जून, सकाळी ७:४०

निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहे. सकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारून आलो आणि हा धागा दिसला, म्हणून सविस्तर लिहितो. लिहिण्याआधी सांगतो, मी तुम्हाला तपासलेलं नाही. फॅमिली डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा.

'कोणत्या लागतात' या एका प्रश्नात तुम्ही दोन प्रश्न विचारताय. एक, कागदाला काय लागतं. दोन, अंगाला काय लागतं. तिकीटवाला पहिल्याचं उत्तर देतोय, तुमचे डॉक्टर दुसऱ्याचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

कागदाला फक्त यलो फीव्हर. गंमत बघा, नुसत्या नैरोबी शहरात राहणाऱ्याला या आजाराचा धोका इतका कमी धरतात की जागतिक आरोग्य संघटना त्याला ही लस घ्याच असं म्हणत नाही. मसाई माराला जाणाऱ्याला म्हणते. पण आपला देश शहर बघत नाही, देश बघतो. केनियाचा शिक्का असला की पुस्तक दाखवा. हा काटेकोरपणा उगाच नाही. भारतात हा आजार आजवर आलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मात्र घरोघर आहे. आपल्याकडे डेंग्यू करतो तोच. पाणी दिवसाआड येणाऱ्या आपल्या गावात प्रत्येक घरात पिंप, हौद, बादल्या. त्यात तो सुखानं वाढतो. एक रोगी विमानातून उतरला आणि त्याला डास चावले तर काय होईल, विचार करा. सहा दिवस कारण संसर्गानंतर तापाला साधारण तीन ते सहा दिवस लागतात.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नेमलेल्या केंद्रांतच मिळते, यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. एका कुपीतून बऱ्याच जणांना देतात आणि कुपी उघडली की काही तासांतच वापरावी लागते. म्हणून केंद्रांचे ठरावीक वार असतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. तेव्हा तारखेपासून मागं मोजत या. निघायचा दिवस, त्याआधी १० दिवस, त्याआधी नंबर लागायला दोन-तीन आठवडे. म्हणजे तुमच्या हातात फार वेळ नाही.

आता अंगाचं. टायफॉइड घ्या सगळ्यांनी. संयुग्म (काँज्युगेट) लस आपल्याकडेच बनते, एक डोस पुरतो, सोलापुरात कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे मिळेल. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत झाला नसेल तर तो. हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ. आपल्या पिढीतल्या बहुतेकांना ती लहानपणी होऊन गेलेली असते, कळतही नाही. आडाचं पाणी प्यायलेलो आपण. पण तुमचा मुलगा १४ वर्षांचा, घरी फिल्टर, शाळेत बाटली. त्याच्या अंगात ते संरक्षण नसण्याचीच शक्यता जास्त. त्याला द्या. मोठ्यांनी हवं तर रक्त तपासून ठरवा. मुलाचं जुनं लसीकरण कार्ड शोधा, आणि नुसतं शोधू नका, वाचा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ज्याला कागद विचारत नाही आणि ज्याची प्रवाशांसाठी लसही नाही ते म्हणजे मलेरिया. नैरोबी उंचावर आहे, तिथं फारसा नाही. मारात आहे, आणि तो फाल्सिपेरम जातीचा, मेंदूवर जाणारा. त्यासाठी गोळ्या.

---

कडकभाकरी | २३ जून, सकाळी ९:१५

काका, 'कावीळ' शब्दावरून आठवलं. माझ्या नणंदेच्या घरी यलो फीव्हर म्हणजे कावीळ असं समजून सगळ्यांनी जवळच्या दवाखान्यात 'काविळीची लस' घेतली. ती निघाली हिपॅटायटिस बी. देणाऱ्यानंही खुशाल दिली. निघायला १२ दिवस उरले असताना कळलं की हे ते नव्हेच. मग कुणाचा तरी पाय धर, कुणाला फोन लाव, आणि मुंबईला पळ. नाव एकसारखं वाटतं हो माणसाला! पिवळं ते पिवळं.

---

बालरोगवाले_काका | २३ जून, सकाळी ९:४८

अगदी नेहमीची चूक आहे ही. यलो फीव्हरमध्येही कावीळ होते, नाव त्यावरूनच पडलं. पण विषाणू वेगळा, लस वेगळी. बीची लस वाया गेली असं मात्र नाही. तीन डोस पूर्ण करायला सांगा त्यांना, ०, १ आणि ६ महिन्यांनी. बहुतेक लोक पहिला घेतात आणि विसरतात.

---

भैय्याचौक | २३ जून, सकाळी १०:०२

मलेरियाच्या गोळ्या कशाला ओ काका? आपण सोलापूरचे. डासांच्या मांडीवर खेळलेलो. अंगात मुरलंय सगळं.

---

हुतात्मा_एक्सप्रेस | २३ जून, दुपारी १:२०

भैय्या, मीही हेच म्हणायचो. युगांडात तिसऱ्या महिन्यात तापानं फणफणलो, दोन दिवस 'व्हायरल असेल' म्हणत बसलो. तिसऱ्या दिवशी बोलणं असंबद्ध झालं म्हणून पोरांनी उचलून नेलं. इथल्या डासाची ओळख तिथं चालत नाही.

आणि जुन्या माणसांनी सांगितलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या घेऊन जाऊ नका. आफ्रिकेतल्या त्या मलेरियावर त्या चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन असेल तर जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, आणि परत आल्यावर ४ आठवडे. हे परत आल्यावरचंच लोक बुडवतात. दुसरी जोडगोळी असते ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, ती परत आल्यावर ७ दिवस. महाग आहे. कुणाला कोणती ते डॉक्टरनं ठरवायचं. औषधाच्या दुकानात आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी शोधत बसू नका.

गोळ्या घेऊनही तीन महिन्यांत कधी ताप आला तर पहिलं वाक्य 'आफ्रिकेतून आलोय' हे म्हणायचं. इथला डॉक्टर डेंग्यू शोधत बसेल नाहीतर.

---

जुळे_सोलापूरकरीण | २३ जून, दुपारी ४:०५

धागा अण्णांचा आहे पण माझंही जमून जातंय म्हणून विचारते. लेक ऑगस्टमध्ये टेक्सासला एमएसला चाललाय. विद्यापीठानं भलीमोठी यादी पाठवलीय. माझ्याकडं त्याचं पिवळं पडलेलं कार्ड आहे, त्यात सगळे डोस दिलेत. तरी एमएमआर दोन डोस म्हणतात. आणि मेनिंजायटिस. आणि टीबीची टेस्ट. बीसीजी तर जन्मल्यावर झालंय, मग टेस्ट कशाला?

---

बालरोगवाले_काका | २३ जून, सायंकाळी ६:३०

ताई, कार्ड पुन्हा वाचा. सरकारी लसीकरणात गोवर होता, २०१७ पासून गोवर-रुबेला आला. गालगुंडाची लस त्यात नाहीच. एमएमआरमधला मधला 'एम' तोच. खासगीत दिलं असेल तर कार्डावर 'एमएमआर' असं लिहिलेलं दिसेल. नसेल तर दोन डोस घ्या, मध्ये किमान २८ दिवस. आज सुरू केलंत तर बसतंय, पुढच्या आठवड्यात सुरू केलंत तर धावपळ.

मेनिंजायटिस टेक्सासमध्ये २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्यांना कायद्यानंच लागते, वर्ग सुरू व्हायच्या १० दिवस आधी, आणि मागच्या ५ वर्षांतली हवी. एमएसला जाणाऱ्या पोरांतली बरीच २२ ओलांडलेली असतात. मुलाचं वय बघा, मग पैसे खर्च करा. ही लस स्वस्त नाही. अर्थात वसतिगृहात चार जणांत राहणार असेल तर वय उलटलं तरी डॉक्टरांना विचारून घ्यायला हरकत नाही.

टीबीचं असं की बीसीजी घेतलेल्या माणसाची कातडीवरची टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग तिकडे एक्स-रे, औषधं, विनाकारण गोंधळ. त्यापेक्षा रक्ताची इग्रा टेस्ट मागा, लॅबवाले तिला टीबी गोल्ड म्हणतात. तिला बीसीजीनं फरक पडत नाही. आणि ती एमएमआरच्या दिवशीच करा, नाहीतर मग चार आठवड्यांनी. जिवंत विषाणूच्या लसीनंतर मधल्या काळात निकाल चुकू शकतो.

तोच नियम अण्णांच्या मुलालाही. यलो फीव्हर आणि एमएमआर दोन्ही जिवंत लसी. मध्ये चार आठवडे ठेवावेत. तुम्हाला वेळ कमी आहे, म्हणून आधी यलो फीव्हर, एमएमआर राहिलं असेल तर परत आल्यावर.

---

जुळे_सोलापूरकरीण | २३ जून, रात्री ८:५०

काका, कार्डावर 'गोवर' आणि 'एमएमआर १' आहे. दुसरा नाही. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, माझ्या पोराचं सगळं पूर्ण आहे म्हणून. मुलगा २३चा आहे, मेनिंजायटिस त्याच्यावर सोडते.

२०२१ सालची आठवण आली. माझ्या भाचीला कॅनडाला जायचं होतं आणि कोव्हिशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवस. विद्यार्थ्यांना २८ दिवसांवर मुभा मिळाली तेव्हा घरात पेढे वाटले होते. प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबर चढवायला पुन्हा दोन दिवस.

---

विजापूर_वेस | २४ जून, सकाळी ११:२५

सलाम मंडळी. आमच्या अब्बा-अम्मींनी हज केलं तेव्हा मेनिंजायटिसची लस आणि पोलिओचे थेंब हज कमिटीच्या कॅम्पमध्येच झाले, पुस्तक भरून हातात. त्यामुळे आम्हाला वाटलं, सौदीला जायचं म्हणजे हे आपोआप होतं. नंतर मी आणि बेगम उमरा करायला खासगी टूरनं निघालो तर कळलं, उमऱ्यालाही मेनिंजायटिस लागते आणि ती आपणच बघायची. त्या जंतूच्या चार गटांवरची हवी, पोहोचायच्या १० दिवस आधी. संयुग्म प्रकारची असेल तर ५ वर्षं चालते, जुन्या प्रकारची ३. कोणती टोचली ते पुस्तकात लिहून घ्या, आमच्या ओळखीत एकाचं नुसतं 'मेनिंजायटिस' लिहिलं होतं, त्याचा वाद झाला.

या लसीची सक्ती गर्दीतूनच आलीय. १९८७ साली हजनंतर साथ पसरली होती, २००० साली पुन्हा, वेगळ्या गटाच्या जंतूची. म्हणून चार गट. अम्मींना ६५ ओलांडल्यामुळे फ्लूचीही दिली. अब्बा म्हणाले मलाही द्या, ते ६४चे होते.

---

टॉवेलवाले_अण्णा | २४ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. काकांचं वाचून रात्री सगळी कार्डं काढून बसलो. माझं तर नाहीच. आई म्हणाली, "तुला देवीची टोचलीय, दंडावर बघ." बघितलं, ती बीसीजीची निघाली.

मुंबईच्या केंद्राची तारीख मिळाली, ९ जुलै. पण आईचं अडतंय. फॉर्ममध्ये चालू औषधं विचारलीत. आई म्हणाली, काही नाही, गुडघ्याच्या गोळ्या. डबा बघितला. एक गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची आहे, मेथोट्रेक्सेट. सोबत बारीक स्टेरॉइड. काका, चालेल ना?

---

बालरोगवाले_काका | २४ जून, रात्री १०:१०

अण्णा, बरं केलंत डबा उघडलात.

ती गुडघ्याची गोळी नाही. संधिवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, त्याला आवर घालायला प्रतिकारशक्ती दाबणारं ते औषध आहे. यलो फीव्हरची लस म्हणजे अशक्त केलेला पण जिवंत विषाणू. दाबलेल्या प्रतिकारशक्तीत तो अंगावर उलटू शकतो. शिवाय ६०च्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रास तरुणांपेक्षा जास्त दिसतो. दुर्मीळ आहे, पण दिसतो. आईंच्या बाबतीत दोन्ही कारणं एकत्र आलीत. अंड्याची मोठी ॲलर्जी असणाऱ्यांना, थायमस ग्रंथीचा आजार असणाऱ्यांनाही ती देत नाहीत.

त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांशी बोला. औषध आपल्या मनानं बंद करून लस घ्यायचा विचार अजिबात करू नका, लोक तसं करतात. वैद्यकीय कारणानं सूट देणारं पत्र आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, पण ते मान्य करायचं की नाही हे उतरल्यावर तिथला आरोग्य अधिकारी ठरवतो. आणि पत्र दाखवून डास थांबत नाही. माराला त्या लसीशिवायच जातील.

---

कडकभाकरी | २४ जून, रात्री १०:४०

आई लोकांच्या सगळ्या गोळ्या 'गुडघ्याच्या' नाहीतर 'झोपेच्या' असतात. आमच्याकडे बीपीची गोळी तीन वर्षं 'गरगरण्याची' होती.

---

चाटी_गल्लीची_आजी | २५ जून, सकाळी ६:५५

मला उलट विचारायचं आहे. न्यू जर्सीहून नातवंडं येताहेत, ७ वर्षांची एक आणि ११ महिन्यांचा एक. सून म्हणते तिथल्या डॉक्टरनं टायफॉइड आणि काविळीची घ्यायला सांगितली. मला जरा लागलं. आपलं घर काय इतकं घाण आहे का?

---

बालरोगवाले_काका | २५ जून, सकाळी ८:२०

आजी, घर स्वच्छच आहे. पण धपाटे घरचे असले तरी पाणीपुरी घरची नसते, आणि मामा त्यांना घेऊन जाणारच. तिथली मुलं टायफॉइडशी कधी भेटलेली नसतात. सुनेचं बरोबर आहे. उलट धाकट्याला निघण्याआधी गोवराचा जादा डोस दिला का ते विचारा. तिथं तो वर्षानंतर देतात, परदेशी जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला आधी देतात.

---

सातरस्ता | २५ जून, दुपारी १२:१०

बालीला चाललोय नोव्हेंबरमध्ये, तिथं काही?

---

हुतात्मा_एक्सप्रेस | २५ जून, दुपारी २:००

तिथं माकडं. उबुदच्या जंगलातली माकडं पर्यटकांच्या चष्म्यावर झडप घालतात, आणि बालीत २००८पासून रेबीज आहे. केळी दाखवू नका. आधी दोन डोस घेऊन ठेवले, पहिल्या आणि आठव्या दिवशी, तर चावल्यावर फक्त दोनच घ्यावे लागतात आणि ते महागडं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. ते बेटावर आयत्या वेळी मिळेलच असं नाही. मी बालीला गेलेलो नाही, बायको गेली होती. ओरखडा आला आणि सुट्टी दवाखान्यात गेली.

---

सोलापूरचा_जुना | २५ जून, सायंकाळी ५:४५

धागा वाचतोय. कुणाला ठाऊक आहे का, यलो फीव्हरची ही लस १९३७ सालची आहे. मॅक्स थायलर नावाच्या शास्त्रज्ञानं बनवली, १९५१चं नोबेल त्याला. अजूनही तीच वापरतात. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १८९७च्या जानेवारीत, मुंबईत हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. आपल्या गावचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला निघाले तेव्हा त्यांनी काय काय टोचून घेतलं असेल कोण जाणे.

(अवांतर झालं, क्षमस्व. वय.)

---

टॉवेलवाले_अण्णा | १० जुलै, रात्री ९:००

काल मुंबईला जाऊन आलो. रात्रीची सिद्धेश्वर पकडली, सकाळी पोहोचलो. अंधेरीला विमानतळाजवळचं केंद्र. मी, मंडळी आणि चिरंजीव. आई नाही. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हटलं. तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मग आईच म्हणाली, "सिंहाला काय मी एकटीच बघायचीय का, मोबाइलवर दाखव."

मागून येणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मूळ पासपोर्ट न्या, झेरॉक्स चालत नाही. आमच्या पद्मशाली घरांत आडनाव आधी, नाव नंतर, मध्ये आद्याक्षरं, प्रत्येक कागदावर वेगळं. पुस्तकावर पासपोर्टातलंच नाव, अक्षरन् अक्षर. माझं त्यांनी आधी उलट लिहिलं होतं, तिथंच दुरुस्त करून शिक्का मारून घेतला. टोचल्यावर अर्धा तास बसवतात. मुलाला रात्री थोडा ताप, मला काही नाही. महिनाभर रक्तदान करू नका म्हणाले.

पुस्तकावर वैधता हयातभर. आमच्या रांगेत एक गृहस्थ दुसऱ्यांदा घ्यायला आले होते, दहा वर्षं संपली म्हणून. त्यांना परत पाठवलं.

---

हुतात्मा_एक्सप्रेस | १० जुलै, रात्री ९:२५

हो, ११ जुलै २०१६ पासून एकदाच. जुन्या दहा वर्षांच्या पुस्तकांनाही तेच लागू. माझं २०१३चं अजून चालतं. हरवू नका फक्त. पासपोर्टच्या कव्हरमध्येच खोचून ठेवा.

---

भैय्याचौक | ११ जुलै, सकाळी ८:१०

अण्णा, येताना विमान अदिस अबाबावरून आहे का थेट? माझा भाचा जाणार आहे दक्षिण आफ्रिकेला, तिकडनं स्वस्त पडतंय. (हो, मी पण विचारतोय आता. हसू नका.)

---

बालरोगवाले_काका | ११ जुलै, सकाळी ९:३०

हसत नाही. दक्षिण आफ्रिकेत यलो फीव्हर नाही, पण इथिओपिया यादीत आहे. पूर्ण वेळ विमानतळाच्या आतच राहिला तर आपल्याकडे सूट मिळू शकते, तीही अधिकाऱ्याला पटली तर. दक्षिण आफ्रिकेचे नियम वेगळे, तेही त्यानं बघावेत. विमान चुकून हॉटेलवर मुक्काम पडला तर? तरुण मुलगा आहे, लस घेऊनच जाऊ दे.

---

टॉवेलवाले_अण्णा | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

परवा आलो. थेट विमान होतं. मुंबईत उतरल्यावर पासपोर्टच्या आधीच टेबल टाकलेलं, पिवळं पुस्तक दाखवा. आमच्या पुढच्या एका कुटुंबाला बाजूला घेतलं, टूरवाल्यानं त्यांना सांगितलं होतं म्हणे की केनियात कुणी विचारत नाही. खरंच होतं, केनियात आम्हालाही कुणी विचारलं नाही.

डॉक्सिसायक्लिन अजून चालू आहे, २८ दिवसांतले दोन झाले. ऊन लगेच लागतं त्या गोळीनं, मारात नाक सोललं. चिरंजीव रोज टाळाटाळ करतात, म्हणून आईनं ते खातं आपल्याकडं घेतलंय. सकाळी नाश्त्याच्या ताटात भाकरीशेजारी गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.

सिंह सात दिसले. आईला व्हिडिओ दाखवला. म्हणाली, फारच लांबून काढलाय.